धातूसरांची शिक्षा

त्यांच्या दाराशी एकदा भंगारवाला येऊन बसला होता, तिथूनच सांगते.

अकोल्याच्या जठारपेठेत सरांची एक खोली होती आणि पुढे ओटा. मी शाळेच्या किल्ल्या द्यायला गेले, तर गल्लीत हातगाडी आडवी लावलेली, भंगारवाला ओट्यावर बसलेला आणि सर त्याच्यासमोर मांडी घालून.

"सरजी, पुऱ्या गल्लीनं सांगतलं, धातूसर इथीच रायतात," भंगारवाला म्हणत होता. "तांबं असन, पितळ असन, काय असन ते काढा बाहेर. भाव बराबर देईन."

"धातू गंज हायेत माह्याजवळ, मोजता येनार नाईत इतके. पन विकाले नाईत."

"मंग ठेवून काय करता?"

"फोडून पायतो. आत काय हाय ते."

भंगारवाल्याला हे एकदम पटलं, कारण तोही दिवसभर तेच करत होता. दोघं अर्धा तास बोलत बसले. निघताना त्याने विचारलं, "सरजी, मंग हा भंगार शब्द कुठचा?" सरांनी खिशातून वही काढली, शब्द लिहून घेतला आणि म्हणाले, "मले माईत नाई. पाऊन सांगतो." महिनाभराने भर बाजारात त्याला गाठून सांगितलं म्हणतात. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून तो माणूस सरांना दुरून रामराम घालायचा.

हे धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे, हे मलाही फार उशिरा कळलं. संस्कृतवाले शब्दाच्या मुळाला धातू म्हणतात. आमचे सर लहान वर्गांना मराठी आणि मोठ्यांना संस्कृत घ्यायचे, आणि जो शब्द सापडेल त्याचा धातू विचारायचे. पोरांनी नाव पाडलं धातूसर, आणि गावाने ते उचललं. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं. मीही इथे लिहीत नाही, त्यांना ओळखणाऱ्यांना ते लागणार नाही.

मी त्या शाळेत शिपाई होते. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथी, तेही कापूस वेचायच्या दिवसांत खाडे करून. घंटा द्यायची, पाणी भरायचं, नोटीस वर्गावर्गातून फिरवायची आणि मधल्या वेळेत व्हरांड्यात स्टुलावर बसायचं. स्टूल पाचवीच्या दाराशी होतं. आज मी जे काही चार कागद लिहिते, ते त्या स्टुलावरचं आहे. दुसरी शाळा मला मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे तिची गरजही वाटली नाही.

सरांच्या दोन वह्या होत्या. एक बारीक, एक जाड. बारकीत त्यांना माहीत असलेले शब्द, जाडीत माहीत नसलेले. जाडी भरली की शिवून तिला आणखी पानं जोडायचे. कोणी पाहुणा आला तर जाडी दाखवायचे, बारकी नाही. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले सर मी पाहिले नाहीत. हातात धरून चालायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बसलो की बोलता येत नाई कोनाशी." आणि बोलायचे तरी किती. भाजीवालीशी, चपला शिवणाऱ्याशी, दळणाच्या रांगेतल्या बायांशी. बायका मला विचारायच्या, "काय वो, तुमच्या सराले घरी कोनी नाई काय?" खरंच कोणी नव्हतं. अमरावतीला एक बहीण आणि तिचा मुलगा, तेवढेच.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची चेष्टा व्हायची. गणिताचे सर एकदा म्हणाले, "काय धातूसर, पगाराचा धातू कोनता?"

"पगार आपला नाईच. पोर्तुगीज लोकाईनं आनला. म्हनून तर तो आपल्या घरी टिकत नाई."

सगळे हसले, गणिताचे सर सगळ्यात जास्त. पण नवीन आलेल्या हेडसरांना हा माणूस काही झेपला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आपण काय शिकवता?" सर म्हणाले, "मी काही शिकवत नाही. मुलं शिकतात. मी तिथे बसलेला असतो." हेडसरांचं तोंड कडू झालं ते त्यांची बदली होईपर्यंत तसंच राहिलं.

तर हा जो शिकवण्याचा शब्द आहे ना, त्याचीच ही गोष्ट.

दर वर्षी पाचवीच्या पहिल्या दिवशी सर फळ्यावर एकच शब्द लिहायचे. शिक्षा. आणि विचारायचे, म्हणजे काय? पोरं ओरडायची, मार, छडी, कान पिळणे, अंगठे धरून उभं राहणे. मी ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी एक पोरगी उठली आणि म्हणाली, "शिक्षा मतलब पढाई." सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "हसू नका. पन्नास जणांत हिचं एकटीचं बरोबर आहे."

ती गुड्डी. बाप दालमिलमध्ये पोती उचलायचा, बऱ्हाणपूरकडचा माणूस. घरात हिंदी, पण जवळची शाळा मराठी, म्हणून आमच्याकडे घातलेली. शाळेत नवी आलेली मुलगी, बोलली की पोरं हसत, आणि सरांनी सगळ्यांदेखत तिला बरोबर ठरवलं. त्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर बसायला लागली.

मग सरांनी सांगितलं की शक् म्हणजे जमणे. शक्ती, शक्य ही त्याचीच लेकरं. त्या शक्‌ला इच्छा जोडली की होतो शिक्ष्, म्हणजे जमावं असं वाटणे. शिक्षा, शिक्षण, शिक्षक, आपलं साधं शिकणं, सगळं त्यातून आलं. एका पोराने विचारलं, "मग त्याचा मार कसा झाला, सर?" सर म्हणाले, "आधी शिकवणं होतं. मग वळण लावणं आलं. वळण लागेना म्हणून छडी आली. पुढे शिकणं गळून पडलं आणि छडी तेवढी हातात राहिली. आपल्या मराठीत असं झालं. हिंदीत मूळ टिकलं."

हे सगळं मला मागून कळलं. नोकरीतलं माझं ते पहिलंच वर्ष, आणि त्या दिवशी मी टपाल घेऊन पोस्टात गेले होते. मी स्टुलावर असते तर पुढचं घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. गुड्डी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. सरांचा नियम होता, आठवड्याच्या वर खाडा झाला तर घरून चिठ्ठी आणायची. ती सकाळी चिठ्ठी घेऊन आली, नवा फ्रॉक घालून. तो आठवडा वाईट होता. तपासणीला साहेब येणार होते, अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून हेडसर सरांवर उखडले होते, आणि त्यातच सायकल कलंडून सरांच्या चष्म्याची काच फुटलेली. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही दिसायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत डोकं धरून बसले होते. मी पाणी ठेवायला गेले, तर चिठ्ठी माझ्यापुढे केली.

"मावशी, हे जरा वाचून सांगा बरं."

मला काय आनंद झाला सांगू. शिक्षकांच्या खोलीत मला कोणी वाचायला सांगितलं नव्हतं कधी. मी पदराला हात पुसले, चिठ्ठी घेतली आणि ओळीवर बोट ठेवलं. अक्षर चांगलं होतं. मिलच्या मुनीमजीकडून लिहून घेतलेली होती. हिंदीत होती, पण हिंदी काय आपल्याला नवी आहे होय. बाजारात निम्मं बोलणं हिंदीतच. फक्त बाजारात कोणी शिक्षा म्हणत नाही. पढाई म्हणतात, इस्कूल म्हणतात. शिक्षा हा शब्द मुनीमजीच्या दौतीतला.

मी शब्द न् शब्द वाचला नाही. मनात वाचला आणि सरांना आपल्या बोलीत सांगितला. त्यात मला शहाणपण वाटलं.

"पंधरा दिवस गावाले गेली होती म्हनते बाप. गंज मांगं रायली. तिले चांगली शिक्षा द्या म्हनते."

"बाप म्हनते?"

"हाव जी. चांगली शिक्षा द्या, असंच लिहेल हाय."

सरांनी चिठ्ठी घेऊन पुस्तकात ठेवली. त्यांनी जन्मात कोणत्या पोराला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यांना ते जड गेलं असणार. पुस्तक काखेत मारून वर्गात गेले. मी स्टुलावर येऊन बसले, आणि आता जे सांगते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सर म्हणाले, "गुड्डी, आज तुला शिक्षा आहे. तुझ्या बाबांनीच सांगितलं आहे."

पोरीचं तोंड फुललं. खाली बसली, पिशवीत हात घातला, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कोरी वही काढली आणि पेन्सिल काढली. मग उठून सरांच्या टेबलाजवळ गेली आणि वही उघडून उभी राहिली.

वर्गात खी खी सुरू झाली.

"हे काय आहे?"

"शिक्षा, सरजी."

आता सगळा वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. आणि सरांचा चेहरा असा झाला की मी स्टुलावरून उठूनच उभी राहिले. त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. त्यांना वाटलं, पोरगी हुशार आहे, पहिल्या दिवशी मी तिला डोक्यावर घेतलं, आता माझाच धडा माझ्यावर उलटवून पोरांना हसवते आहे.

"वही इथेच ठेव," ते म्हणाले. "बाहेर उभी राहा. शाळा सुटेपर्यंत."

ती माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभी राहिली. दुसऱ्या तासापासून शेवटच्या घंटेपर्यंत. मधल्या सुट्टीत मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि हळूच म्हणाली, "मौसी, शिक्षा कब देंगे?"

मी हसले. म्हटलं, "हे काय, भेटूनच राहिली ना तुले."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सरांचा चष्मा आला. मी टाकी धूत होते. सर व्हरांड्यातून सरळ माझ्याकडे आले. हातात चिठ्ठी.

"मावशी, हे वाचा. जसं हाय तसं वाचा. तुमच्या बोलीत नको."

मी हात पुसले आणि वाचलं. "सरजी नमस्ते. हमारी बच्ची पंद्रह दिन गाँव गई थी. बहुत पीछे रह गई है. कृपा करके उसे अच्छी शिक्षा दीजिए. वह पढना चाहती है."

शेवटची ओळ मी त्या दिवशी सांगितलीच नव्हती. तिथवर मी पोचलेच नव्हते. शिक्षेपाशी मला सगळं समजलं, म्हणून थांबले होते.

मी चिठ्ठीची घडी करून परत दिली. "सर, माह्यानं चूक झाली."

"तुमची एक चूक झाली," ते म्हणाले, "पाच वर्षं पुस्तक शिकलेल्या बाईची. माही किती झाली ते मोजा. तीस वर्षं मी हा शब्द फोडून दाखवून राहिलो. आन् तो वही उघडून माह्यासमोर उभा रायला, तर मी त्याले दाराबाहेर काढलं."

मी "पाच नाई, चारच वर्षं," असं काहीतरी बोलले. माणूस अशा वेळी काय बोलेल नेम नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं मिलमागच्या वस्तीत गेलो. सायकल हातात, मी बाजूने. गुड्डीच्या खोलीला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "वरूडले गेले ते. संत्र्याच्या कामाले. बाप एकलाच जानार होता जी, मायलेकी इथीच रायनार होत्या, पोरीच्या शाळेसाठी. पन पोट्टी शाळेत जायाले तयारच होयेना. मंग बाप म्हने, चला सगळेच."

म्हणजे शाळेपायी ती इथे राहणार होती आणि शाळेपायीच गेली. सर बराच वेळ त्या कुलपाकडे बघत उभे होते. मला वाटलं आता जाडी वही काढतील. नाही काढली.

रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मला कशाला नेता म्हटलं, तर म्हणाले, "वाचनारी पन पायजे सोबत." टोमणा होता की काय होतं, मला कळलं नाही. अमरावतीला गाडी बदलली. वरूडच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, उभे ट्रॅक्टर, पेट्यांचे ढीग. सर खिडकीशी बसून एकही शब्द विचारत नव्हते, ना कंडक्टरला, ना मला. मला तेच जड जात होतं.

तीन ठिकाणी विचारून सापडले. टिनाच्या शेडखाली संत्र्यांची मोठी रास, भोवती बायापोरं बसून लहान-मोठं निवडत होती. गुड्डीने सरांना पाहिलं आणि पेट्यांच्या मागे गेली. बाप घाईघाईने पुढे आला, हात जोडून.

"सरजी, कुछ गलती हो गई क्या बच्ची से?"

"नहीं. मुझसे हो गई."

त्या माणसाला काही उमगेना. सरांनी त्याला चिठ्ठी दाखवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फक्त माझं नाव घेतलं नाही. वाचताना चूक झाली, एवढंच म्हणाले. बाप ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हम तो समझे थे कि हमने ही कुछ गलत लिखवा दिया."

सर तिथेच राशीजवळ खाली बसले, धोतर मातीत. एक संत्रं उचललं आणि मोठ्यांच्या ढिगात टाकलं. पेट्यांमागून गुड्डी बघत होती. सरांनी दुसरं उचललं, लहानांत टाकलं. तिसरं पुन्हा मोठ्यांत. गुड्डी बाहेर आली. सरांनी टाकलेली तिन्ही संत्री उचलली आणि जिथली तिथे ठेवली. सरांनी चौथं चुकवलं. तिने ते हलवलं. पाचवं चुकवलं.

"ऐसे नहीं, सरजी. आँख से मत देखो. हाथ में लो पहले."

"मुझे नहीं आता, बेटा. तू सिखा."

तिने त्यांच्या हातात एक संत्रं ठेवलं, त्यांची बोटं त्याच्याभोवती वळवली. अंगठा आणि मधलं बोट जुळलं की लहान, थोडीशी फट राहिली की मधलं, त्याहून जास्त राहिली की मोठं. मग दुपार उलटेपर्यंत सर तिथे बसून संत्री निवडत होते. मी पण बसले, दुसरं काय करणार. माझं त्यांच्यापेक्षा बरं जमत होतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

शेवटी गुड्डीने विचारलं, "आ गया आपको?"

"अभी नहीं. लेकिन आ जाए, ऐसा लग रहा है."

ती थोडी हसली, बाजूने. मग सरांनी पिशवीतून तिची वही काढून तिच्यासमोर ठेवली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. त्या दिवसापासून ती त्यांच्या टेबलावरच होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्या दिवशी बुडालेला धडा लिहून ठेवलेला होता.

सोमवारी सर तिथेच थांबले. बापाला सोबत घेऊन तिथल्या शाळेत गेले आणि मोसमापुरतं तिचं नाव घातलं. मी आदल्या संध्याकाळीच परतले, शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मोसम संपल्यावर ती माणसं अकोल्याला परत आली. गुड्डी पुन्हा पाचवीत येऊन बसली, पण पहिल्या बाकावर नाही, तिसऱ्या. पहिल्या बाकावर यायला तिला आणखी एक वर्ष लागलं. सरांनी एकदाही "पुढे ये" म्हटलं नाही.

आता माझं सांगते. सर परत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "सर, मी आता काई वाचनार नाई. घंटा देतो, पानी भरतो, तेवढं बस हाय मले." ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्तमानपत्र घेऊन माझ्या स्टुलापाशी आले.

"मावशी, चष्मा दुरुस्तीले गेला. जरा वाचून सांगा."

"मांगच्या हप्त्यातच तर आला होता."

"पुन्हा गेला."

तो चष्मा दोन वर्षं दुरुस्तीला होता. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची एक दांडी बाहेर दिसायची. मला दिसायची, हे त्यांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी कोणी बोललं नाही. त्यांचा नियम एकच, आधी शब्द, मग अर्थ. जसं लिहिलं आहे तसं शेवटपर्यंत वाचायचं, आपल्या मनाचं मध्ये घालायचं नाही. वाचून झालं की ते म्हणायचे, "आता अर्थ." तेव्हा मी माझ्या बोलीत सांगायची. कधी चुकायची. ते "हाव काय?" एवढंच म्हणायचे, आणि मी पुन्हा वरच्या ओळीवर जाऊन बघायची. त्यांनी मला काही शिकवलं असं मी म्हणाले तर ते चिडतील. ते तिथे बसायचे.

सर निवृत्त झाले आणि बहिणीच्या मुलाकडे अमरावतीला राहायला गेले. पुढे माझीही नोकरी संपली. गुड्डी बारावीपर्यंत शिकली, लग्न झालं, अकोल्यातच असते. एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना कागद वाचून दाखवते. सगळा कागद वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत, मी एकदा रांगेत उभी राहून ऐकलं आहे.

मागच्या हिवाळ्यात मी सरांना बघायला अमरावतीला गेले. डोळे आता खरंच गेले होते. खाटेवर पडून असायचे, जाड्या वह्यांची चवड उशाशी. भाच्याची बायको म्हणाली, "मामा बोलतच नाईत आजकाल, मावशी. तुमी आल्या म्हनून तरी बोलतीन." मी शेजारी बसले. शाळेचं बोलले, गणिताचे सर गेले ते सांगितलं, भंगारवाल्याच्या पोराने दुकान टाकलं ते सांगितलं. सर नुसते "हं" म्हणत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुड्डीचा निरोप होता, सोबत एका कागदाचा फोटो. तिची मुलगी आता पाचवीत आहे. तापाने पंधरा दिवस घरी होती, शाळेत चिठ्ठी द्यायची होती. "मावशी, जरा पाहून द्या ना. मराठीत चूक नको व्हायला."

मी सरांना सांगितलं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"वाचा."

मी चष्मा लावला, बोट ठेवलं. "माननीय बाई. माझी मुलगी पंधरा दिवस आजारी होती. तिचा अभ्यास फार मागे राहिला आहे. कृपा करून तिला चांगली शिक्षा द्यावी."

खाट हलायला लागली. मला वाटलं, ठसका लागला. सर हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहिलं, ते पुसायला त्यांचा हात वर जाईना, मी पुसलं.

"बदलू काय, सर? शिक्षण करून टाकू?"

ते म्हणाले, "शब्द तिचा हाय. त्याले हात नका लावू. पन बाईले नाई समजलं तर?"

"तेच तर म्हनतो मी, सर."

"ओळ संपली काय तथी?"

"हाव. तथीच संपली."

"मंग तुमी लिहा एक. खाली."

मला सुचायला वेळ लागला नाही. ती ओळ मला वीस-बावीस वर्षांपासून पाठ होती, मीच एकदा न वाचता सोडलेली. मी फोनवर एकेक अक्षर दाबत लिहिली.

"वाचा," सर म्हणाले.

"तिला शिकायचं आहे."

"झालं?"

"झालं."

"आता अर्थ."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, पण मान अजून माझ्याच बाजूला.

"पोरगी वही उघडून उभी हाय, सर."

त्यांनी खाटेवरचा पाय हळूच जवळ ओढून घेतला, कोणाला बसायला जागा करून द्यावी तसा.

"मंग येऊ द्या तिले आत," ते म्हणाले.